निजलेली वीजधार

रणकेतूची वीजधार एकदाची तयार झाली आणि ऊर्मीचे पाय जमिनीवर ठरेनात. रणकेतू हा युद्धाचा देव, पण त्याला कुठल्या पुराणात शोधायला जाऊ नका. ऊर्मी आणि कौशिकनं तो तमिळ मुलखात, वेलचेरीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत, आपल्या पहिल्यावहिल्या कॉम्प्युटर गेमसाठी जन्माला घातला होता. ही तलवार त्यानं उपसली की आभाळ क्षणभर काळं पडायचं आणि एका वारात समुद्र दुभंगायचा. नाशिकहून आलेल्या या पोरीनं आठ महिने खपून तिच्या पात्यातली एकेक ठिणगी रंगवली होती.

सोमवारी गेममध्ये पैसे घालू शकणाऱ्या बंगळुरूच्या कंपनीतली जननी नावाची बाई तो बघायला येणार होती. तिला तो पसंत पडला तर ठीक, नाहीतर महिनाअखेरीला गाशा गुंडाळायचा, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण मध्ये शनिवारी खंडेनवमी आली. घरमालकीण कनकाक्का, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरच्या मराठी घरातल्या, सकाळीच वर आल्या आणि त्यांनी ऊर्मीच्या कॉम्प्युटरला चंदनकुंकू लावलं. शेजारच्या पाटावर त्यांची विळी होती, कात्री होती. ऊर्मीला भरतं आलं. शस्त्रपूजा आहे, मग शस्त्र नको? तिनं वीजधारेचा पेन ड्राइव्ह आपल्या हातानं पाटावर ठेवला आणि वर झेंडूही वाहिला.

एक वाजता कौशिक अण्णा नगरहून लॅपटॉप घेऊन धापा टाकत आला.

"जननीचा फोन आला होता. उद्या सकाळच्या विमानानं ती परत चाललीय, म्हणून आज पाचलाच येते म्हणाली! तलवार दे, लगेच बसवतो."

लॅपटॉपमधल्या रणकेतूच्या हातात अजून लाटण्यासारखं एक करडं दांडकं होतं. ऊर्मी पाटाकडे धावली. तिच्या घरी पूजा झाली, नारळ फुटला की वडील हत्यारं घेऊन कामाला लागायचे. इथेही तसंच असणार, असं ती धरून चालली होती.

"अय्यो, हात लावू नको!" कनकाक्का दारातून ओरडल्या. "आयुधं निजलीत, अम्मा. तुझा कॉम्प्युटरपण. उदईक सकाळी पूजै करून उठवायची. त्याच्या आधी नाही."

"अहो अक्का, पाच मिनिटांचं काम आहे! आमचं सगळं त्यात आहे हो!"

"म्हणूनच निजवलं ना तू?"

अक्का खाली गेल्या. कौशिकनं डोळ्यांनीच पाटाकडे खूण केली. ऊर्मीचा हात पुढे गेला आणि फुलाशी अडला. देवापुढे आपणच ठेवलेलं चोरून उचलायचं तिच्यानं होईना. तिला स्वतःचाच इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

तेवढ्यात अक्का जेवण घेऊन आल्या. सांबारातल्या शेंगा वेड्यावाकड्या मोडलेल्या होत्या.

"विळी निजली की. सगळं हातानंच मोडलं," त्या सहज म्हणाल्या.

ऊर्मीचा घास हातातच राहिला.

"कौशिक! दांडकं काढून टाक!"

"आणि देव लढणार कशानं?"

"हातानं! आज नवमी आहे. त्याची तलवार पूजेत निजलीय आणि असुर ती पळवायला आलेत. उजाडेपर्यंत राखायची, पण तिला हात लावायचा नाही!"

कौशिक ताटावरून तसाच उठला. गेममधल्या देवळात सजावटीचे झेंडू होते, ते त्यानं एका पाटावर रचले. त्या ढिगाखाली तलवार नव्हतीच, पण ते कुणाला दिसणार होतं? तो असुरांच्या रांगा फिरवत होता, ऊर्मी त्याच्या खांद्यावरून "डावीकडून! डावीकडून घे!" ओरडत होती आणि अक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या. चार कधी वाजले कुणाला कळलं नाही.

पाचला जननी आली. एक डाव खेळली, हरली. दुसऱ्यांदा हरली तशी तिनं बाह्या सरसावल्या. तिसऱ्या वेळी एका असुराचा हात फुलांना लागला आणि ती तमिळमध्ये जोरात किंचाळली. चौथ्या डावात रणकेतू मार खाऊन गुडघ्यांवर आला, तरी ढिगापुढून हटला नाही. पडद्यावर उजाडलं, फुलं हलली आणि नेमका तिथेच खेळ संपला.

"तलवार कुठे आहे? मला बघायचीय," जननी म्हणाली.

ऊर्मीनं कोपऱ्यातल्या पाटाकडे बोट केलं. ती खरं तेच बोलली. "तिथे निजलीय. उद्या सकाळच्या पूजेनंतर उठेल."

जननीनं पाटाकडे पाहिलं. कुंकू लावलेला कॉम्प्युटर पाहिला, विळी पाहिली. मग पर्समधून मोबाईल काढला आणि ऑफिसात कुणाला तरी उद्याचं विमान रद्द करायला सांगितलं.

"किती वाजता उठते ती?" तिनं विचारलं.

"सहाला," ऊर्मीच्या आधी अक्काच म्हणाल्या. "अंघोळ करून ये."