मल्हारची हजेरी

सोलापुरात भवानी पेठेतल्या बंद यंत्रमागांच्या शेडमध्ये दर रविवारी दुपारी चौघांची तालीम चाले. लेखक कुणीच नाही, सगळ्यांनी मिळून नाटक उभं करायचं, ही त्यांच्यातल्या सोमशेखरची टूम. हाताशी आफ्रिकेतली एक जुनी कादंबरी होती. तिच्यात गोरा साहेब अख्खं गाव धरून रेल्वेच्या कामाला जुंपतो आणि रोज हजेरी घेतो. मेलेल्यांचीही नावं पुकारतो, कारण वरच्या साहेबाला माणूस कमी झालेला खपत नाही.

तिकडची नावं यांच्या तोंडी बसेनात. मग ठरलं, प्रत्येकानं आपल्या घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव द्यायचं आणि चौघांतल्या वैजयंतीनं हजेरी घ्यायची. तिनं भावाचं नाव दिलं, मल्हार. मेंढरं विकून तो कुठंतरी कामाला गेला, त्याला सात वर्षं झाली होती. तो मेला असं कुणी सांगितलेलं नव्हतं. पण वाट बघून ती विटली होती. एकदाचं संपवून टाकावं, असं तिला वाटलं. आईला तिनं यातलं अवाक्षर कळू दिलं नाही.

पहिल्याच हजेरीला तिनं "गुंडा" म्हटलं आणि मागांच्या आडून "हाय" आलं. सगळे हसले. मग "येडू". "हाय." "कोंडीबा." "हाय." तिघंही तिच्यासमोर तोंड मिटून उभे होते. सोमशेखर पांढराफटक पडला. पहिला आवाज त्याच्या आजोबांचा होता.

"मल्हार," ती कशीबशी म्हणाली. कुणी ओ दिली नाही.

घरी जाऊन ती ढसाढसा रडली, आणि तेही आनंदानं. मेलेले बोलतात, मल्हार बोलत नाही, म्हणजे तो जिवंत आहे! बाकीच्यांना पळून जायचं होतं, पण आपल्या माणसाचा आवाज सोडवेना. रविवारमागून रविवार ती मल्हारचं नाव घ्यायची, कान टवकारायची आणि त्या शांततेवर आठवडा काढायची.

प्रयोगाला आई जुळे सोलापूरहून रिक्षानं आली, अगदी पुढं सतरंजीवर बसली. गुंडा झाला, येडू झाला, कोंडीबा झाला. कुठंतरी स्पीकर लपवलेत, असं लोकांना वाटलं. वैजयंतीनं निर्धास्तपणे शेवटचं नाव घेतलं.

"मल्हार."

"हाय की."

आवाज दमलेला होता, पण त्याचाच. गेल्या रविवारी तो गप्प होता. वैजयंती मटकन खाली बसली आणि रडू लागली.

आई मात्र धडपडत उठली. सात वर्षांत तिचा चेहरा असा उजळला नव्हता. "ऐकलंस का गं? माजा मल्हार हाय म्हणला! आरं, बाहीर ये की, लेकरा!" ती मागांकडं निघाली आणि वळून लेकीवर डाफरली, "तू रडतीस कशाला? आनि एकदा हाक मार की त्याला."