नाकाची वाट

आमच्या अकोटात कोणाला मिरगी आली, की लोक आधी आपल्याच पायाकडे बघतात. ज्याची चप्पल आधी निघेल, ती त्या बिचाऱ्याच्या नाकाला. माझ्या नीलमनं लहानपणापासून इतक्या चपला हुंगल्या, की डोळे मिटून कोणाची कोणती ते सांगेन, असं तीच हसून म्हणते. मला हसू येत नाही.

कांद्याचं खातं शेजारच्या आयशाबीकडे. नीलम पडल्याचा आवाज आला, की ही बाई दारामागच्या टोपलीतला कांदा बुक्कीनं फोडत धावत येणार. मी चिडायची. "कांद्यानं मिरगी जात असती, तं बजारातले सारे अडते डॉक्टर झाले असते."

"नाकातून डोक्यात रस्ता हाय, जाई," ती म्हणे. "मले मालूम हाय."

बारावीनंतर नीलमचा अमरावतीला फार्मसीला नंबर लागला. मी साफ नाही म्हटलं. घरात पडली तर मी आहे, तिथं कोण? पोरीनं बोलणं टाकलं. ते बोंडअळीचं साल होतं, कापूसच नाही म्हणून सरकी काढायचा जिनिंग कारखाना बंद. तिथं कामाला जाणारे नीलमचे बाबा, मोतीराम, घरी बसून आमची दोघींची फुगलेली तोंडं बघत होते.

अशात अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी एक फवारा दिला. रोजच्या गोळ्या चालूच. हा फिट लांबली तर मारायचा. "दातखीळ बसली की तोंडात काही घालू नका," त्या म्हणाल्या. "कुशीवर वळवा, नाकपुडीत फवारा मारा. नाकाच्या आतली कातडी पातळ असते, तिथून औषध लवकर मेंदूपर्यंत पोचतं. तरी थांबली नाही, तर सरळ दवाखाना."

"म्हंजे रस्ता आयशाबीचाच बरोबर होता," नीलमचे बाबा म्हणाले. "माल तेवढा चुकला." मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की बसस्टँडपर्यंत ते माझ्या दोन पावलं पुढंच चालले.

रिकाम्या बाटलीवर मी आयशाबीला शिकवलं. मग फवारा ठेवायचा कुठं? मी म्हटलं, कपाटात, कुलपात.

"आई, मी पडल्यावर आयशाबी खालाचा हात कुठी जाईन?" नीलमनं विचारलं. "कांद्याच्या टोपलीत. मंग तिथंच ठेव न."

डॉक्टरांचं औषध कांद्यात? माझा पारा चढला. पण किती दिवसांनी पोर माझ्याशी बोलली होती. फवारा डबीत घालून मी आयशाबीच्या टोपलीत कांद्यांवर ठेवून आले.

महिन्याभरात मी गोळ्या आणायला अकोल्याला गेले. परतताना नुकसानभरपाईसाठी शेतकऱ्यांचा रास्ता रोको, एसटी जागेवर उभी. तेवढ्यात फोन आला. नीलमच्या बाबांना धड बोलता येत नव्हतं. "पोरगी पडली. फिट थांबूनच नाही राहिली." आणि फोन कटला.

मी खाली उतरले आणि रस्त्यावर बसलेल्या लोकांना हात जोडले. देवमन नावाच्या एका शेतकऱ्यानं काही न विचारता मोटरसायकल काढली. ज्याचं अख्खं शेत अळीनं खाल्लं होतं, तो माणूस माझ्या पोरीसाठी गाडी पळवत होता. त्याचं भलं होवो, असं मी आजही म्हणते.

घरी पोचले तेव्हा नीलम कुशीवर निजलेली, श्वास संथ. डोकं आयशाबीच्या मांडीवर. डॉक्टर येऊन पाहून गेले होते. नीलमच्या बाबांनी सांगितलं ते असं: घाबरून ते चमच्यानं दातखीळ उघडायला बघत होते. पडल्याचा आवाज ऐकून आयशाबी उठली. सवयीनं हात टोपलीत गेला आणि डबी लागली, ती घेऊनच धावत आली. तिनं यांच्या हातावर चापट मारून चमचा पाडला, पोरीला कुशीवर केलं नि नाकात फवारा मारला. हळूहळू अंग सैल पडलं.

मी आयशाबीच्या पायाशीच बसले. "तू होती म्हणून माही पोर राह्यली, आयशाबी. तुह्ये उपकार..."

"माही नाही का ते?" तिनं मला मध्येच तोडलं. "उपकाराचं बोलू नोको. तिले जाऊ दे अमरावतीले."

"तिथं तू नाहीस."

"मी येतो न. तिथल्या पोरीयले शिकवतो."

आणि ती खरंच आली. होस्टेलच्या खोलीत नीलमच्या सोबतिणी, कहकशाँ आणि अनीसा, यांना तिनं रिकाम्या बाटलीवर एवढा सराव करायला लावला, की पोरी रडकुंडीला आल्या. "तोंडात चमचा घातला, तं मी अकोटाहून येऊन मारीन," म्हणाली. कहकशाँनं सगळं एका दमात म्हणून दाखवलं, तेव्हा कुठं उठली.

नीलम फाटकापर्यंत आली. मी मागं वळून पाहिलं नाही; पाहिलं असतं तर तिला घेऊनच निघाले असते. एसटीत बसल्यावर आयशाबीचा हात धरला, तो दर्यापूर येईपर्यंत सोडला नाही.