उद्घाटनाचं जहाज

बंदराच्या आराखड्यात सगळं होतं. धक्का, क्रेन, गोदामं, मालगाडीचे रूळ, अगदी संचालकांच्या खिडकीतून समुद्र कसा दिसेल तेसुद्धा. विचार केला नव्हता तो फक्त वाळूचा. पाण्याची खोली मोजली समुद्र शांत असताना, कारण मंत्र्यांना घाई. समुद्र खवळला आणि जहाजांसाठी खोदलेली वाट वाळूने पुन्हा भरून गेली.

दोघा भावांतला धाकटा या बंदराचा इंजिनिअर. त्याने बैठकीत एकदा हे बोलून पाहिलं.

"तुम्ही फारच रडगाणं गाता बुवा," संचालक म्हणाले.

झालं, गडी तोंडाला कुलूप लावून बसला. घरीसुद्धा! आणि घरी थोरल्या भावाने चांगलं चालणारं गॅरेज विकून बंदरावर माल वाहायला ट्रेलर घेतला. "माझा भाऊ बांधतोय बंदर, मला कसली धास्ती?" असं तो भेटेल त्याला सांगत सुटला होता.

उद्घाटनाला भरलेलं जहाज आणलं असतं तर ते वाटेतच रुतलं असतं. मग संचालकांनी शक्कल लढवली. जहाज रिकामं आणायचं, म्हणजे ते पाण्यावर उंच तरंगेल आणि तळ टेकणार नाही. वर कंटेनर रचायचे, तेही रिकामेच. लाज कोळून प्यायलेल्या माणसालाच हे सुचावं.

टाळ्या वाजल्या. क्रेनने पहिला कंटेनर थोरल्याच्या ट्रेलरवर ठेवला. पहिल्या खेपेचा मान धाकट्यानेच मिळवून दिला होता. खरं सांगायची हिंमत नसली की माणूस असले उपकार करत सुटतो. फाटकाच्या अलीकडे थोरल्याने ट्रेलर थांबवला आणि धाकट्याला खुणेने जवळ बोलावलं.

"गाडी जराही दबली नाही रे. आत काही नाही ना?"

"नाही, दादा."

"आणि पुढच्या जहाजात?"

"पुढचं जहाज येणारच नाही."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"तू गॅरेज विकायच्या आधीपासून."

थोरल्याने फाटकाकडे नजर टाकली. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर धाकट्याला बरं वाटलं असतं. फाटकाबाहेर वहिनी, दोघी पुतण्या आणि अर्धी गल्ली ट्रेलर बघायला उभी होती.

"सरक बाजूला," थोरला म्हणाला. "पहिल्या गिअरमध्येच नेतो, म्हणजे भरलेली वाटेल. तुझ्या वहिनीसमोर माझा भाऊ खोटा ठरायला नको."