ढ विद्यार्थ्याची जागा

शिक्षणशास्त्र विभागात शिक्षक तयार करण्याची एक जुनी, खात्रीची पद्धत होती. एकाने शिक्षक व्हायचं आणि बाकीच्यांनी मुलं. दाढीमिशा फुटलेले भावी गुरुजन बाकात गुडघे कोंबून बसत, करंगळी दाखवून ‘सर, जाऊ?’ विचारत, आणि मॅडम मागच्या खुर्चीवरून गुण देत. त्या गुणांत ‘चुकीच्या उत्तराची हाताळणी’ असा एक रकाना होता. रकाना भरायचा तर कुणीतरी चुकायला हवं. भावी शिक्षकांना सगळं जमत होतं, चुकणं तेवढं जमत नव्हतं. मध्येच हसू फुटायचं.

ही अडचण काकूंनी दूर केली.

काकू म्हणजे वर्गातली सगळ्यात वयस्क विद्यार्थिनी. पदवी घेऊन इतकी वर्षं झाली होती की ती कुठल्या बॅगेत ठेवलीय हेही आठवत नव्हतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची पाठ गेली, मग काम गेलं, मग भाड्याचं घर गेलं, आणि काकू, नवरा आणि मुलगी असे तिघेही दिराच्या हॉलमध्ये येऊन पडले. जाऊबाई वाईट नव्हत्या. त्या फक्त भल्या पहाटे हॉलमधला दिवा लावून म्हणायच्या, “झोपा, झोपा, मी काही आवाज करत नाहीये.” एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी काकूंना शब्द दिला होता: शेवटच्या पाठाला ‘अ’ श्रेणी आणा, नोकरी तुमची. नोकरी म्हणजे स्वतःची खोली आणि त्या खोलीतला दिवा आपल्या हाताने लावायचा. काकूंना एवढंच हवं होतं.

पहिल्याच सराव पाठात शिक्षक झालेल्या एका पोराने विचारलं, एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश? काकूंनी मनात चार आणि आठ ताडून पाहिले. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “एक अष्टमांश. आठ मोठे ना?” वर्ग खूश झाला. मॅडम म्हणाल्या, याला म्हणतात सहजता, शिका काहीतरी. काकू खरोखरच चुकल्या होत्या हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही, आणि काकूंनीही ते सांगितलं नाही.

तेव्हापासून ढ विद्यार्थ्याची जागा त्यांच्याकडे कायम झाली. पोरं आदल्या दिवशी येऊन गळ घालायची, “काकू, उद्या माझ्या भागाकाराला चुका ना. जरा गोड चुका, परवा फार कडक चुकलात.” काकू चुकत. एरवी ‘अहो’ म्हणणारी पोरं मग ठरलेलं वाक्य म्हणत, “प्रयत्न चांगला आहे. अजून विचार कर. बस.” आणि शेजारच्या हुशाराला विचारत. काकू कुठे चुकल्या हे कुणी कधी सांगितलं नाही. पाठाच्या टाचणात त्याला जागाच नव्हती.

अपूर्णांकांचं गूढ काकूंना शेवटी घरी उकललं, चादरीची घडी घालताना. चार पदर केले, मग आठ. जास्त वाटे, लहान वाटा. त्या चादर हातात धरून सोफ्यावरच बसल्या. इतकं सोपं होतं तर. जाऊबाईंनी विचारलं, काय झालं, भोक पडलं का?

वर्षाच्या मध्यावर तर अशी गत झाली की काकू हात वर करायला लागल्या की वर्ग आधीच हसून घ्यायचा. एकदा मॅडमनी खरा प्रश्न विचारला, काकूंनी खरं उत्तर द्यायला सुरुवात केली, तर मॅडम समजुतीने म्हणाल्या, “आता नको काकू, पाठ संपलाय.”

शेवटचा पाठ खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांसमोर होता. काकूंनी मुद्दाम अपूर्णांक घेतले. त्या वर्गावर दरवर्षी इतके भावी शिक्षक हात साफ करून गेले होते की मुलं आता या धंद्यात मुरली होती. वर्गाची मॉनिटर ही फ्रॉकला पेन अडकवलेली चुणचुणीत पोरगी. तिने काकूंना दारातच गाठलं आणि कामाचं बोलून घेतलं: सुरुवातीला गप्प बसायचं की उत्साही व्हायचं? शंका किती हव्यात? फक्त एक घोटाळा झाला होता. नेहमी चुकणारा मुलगा तापाने घरी होता. “पण बाई, तुम्ही काळजी करू नका,” मॉनिटर म्हणाली, “बघते कुणीतरी.”

परीक्षक मागे बसले आणि त्यांनी घड्याळ काढून बाकावर ठेवलं. पाठ तेल घातल्यासारखा सरकत होता. काकूंनी विचारलं, एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश? मॉनिटर मागे वळून डोळ्यांनी माणूस शोधत होती, तेवढ्यात शेवटच्या बाकावरची एक मुलगी आपणहून उठली. ती शाळेत नवीन होती, तिला इथले रीतिरिवाज ठाऊक नव्हते.

“एक अष्टमांश,” ती म्हणाली. “आठ मोठे ना?”

काकूंना आपलाच आवाज ऐकल्यासारखं झालं. मुलगी उभीच होती. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. त्या वर्गात बऱ्याच वर्षांत कुणाला तसं काही वाटलं नसावं. काकूंचा हात पर्समधल्या रुमालाकडे गेला. चार पदर, मग आठ. जास्त वेळ लागला नसता. पण सारांश राहिला होता, गृहपाठ राहिला होता, आणि परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. काकूंच्या डोळ्यांसमोर हॉलमधला दिवा लागला.

“प्रयत्न चांगला आहे,” त्यांच्या तोंडून आलं. “अजून विचार कर. बस.”

“पण बाई, आठ तर...”

“बस.”

मुलगी बसली. मॉनिटरने बरोबर उत्तर दिलं, अगदी कारणासकट, पाठ केलेलं. परीक्षकांनी मान हलवत काहीतरी लिहिलं.

बाहेर आल्यावर त्यांनी काकूंचं अभिनंदन केलं. चुकीचं उत्तर इतक्या सफाईने हाताळलेलं त्यांनी यंदा पाहिलं नव्हतं. ‘अ’ श्रेणी. काकूंनी आधी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, खोली तळमजल्यावरची बघू, लिफ्ट नको. काकू हसल्या आणि त्यांनी फोन ठेवला. रुमाल हातात घेऊन त्या परत वर्गाकडे निघाल्या. पोरीला मधल्या सुट्टीत गाठायचं, दोन-तीन घड्या घालून दाखवायच्या, की झालं. मग त्या मोकळ्या.

पण मधली सुट्टी झाली नव्हती. वर्गात काकूंच्याच बरोबरच्या पुढच्या पोराचा पाठ सुरू झाला होता, तोही अपूर्णांकांचाच, आणि परीक्षक पुन्हा मागे बसले होते. काकू खिडकीशी थांबल्या. पोराने प्रश्न विचारला. मॉनिटरने मागे वळून नुसती हनुवटी उचलली, आणि नवी मुलगी उठली.

“एक अष्टमांश,” ती म्हणाली. आवाजात आता प्रश्न नव्हता.

पोराने ‘प्रयत्न’ म्हणायला तोंड उघडलं, तोवर ती खाली बसलीसुद्धा होती.