फुरसं की मांजऱ्या

डोळा

"डोळे कसे आहेत त्याचे?" गोविंदानं फोनवर विचारलं.

"मांजरीवाणी. मधात उभी चीर," गोकुळ म्हणाला. चुलीसाठी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या ओढताना त्याच्या बायकोला, सुचिताला, बोटाला साप चावला होता.

"मग मांजऱ्या आहे बे. त्याचे विषाचे दात पार मागं, जबड्यात. माणसाले काही होत नाही. चहा पाज तिले. मी येऊनच राह्यलो."

सुलतानपूरच्या आसपास साप निघाला की लोक आधी गोविंदाला फोन करत. त्यानं म्हटलं की संपलं.

गाडीवर

दोन किलोमीटर गेल्यावर गोविंदाला आठवलं.

उभी चीर फुरशालाही असते.

मांजऱ्या तसाच दिसतो. मातकट. पाठीवर नक्षी. छेडला की वेटोळं करतो, शेपूट थरथरवतो. पण फुरसं चावलं तर रक्त गोठत नाही, माणूस आतल्या आत वाहून जातो. लांबी विचारली नाही. खवले गुळगुळीत की खरखरीत, विचारलं नाही. नुसता डोळा विचारला.

गाडी थांबवून फोन लावला. लागेना. पुन्हा. लागेना. निघाला. पुन्हा थांबला.

राख

अंगणात सुचिता चहा पीत होती. बोट जरासं सुजलेलं.

"साप कुठं आहे?" गोविंदानं आल्या आल्या विचारलं.

"जाळला," तिची सासू झुंबरबाई म्हणाली. "डोळे ठेचून. मारणाऱ्याचं तोंड राह्यते त्याच्यात. जोडीदार ते पाहून घरावर येते."

काडीनं त्यानं राख उकरली. मणके निघाले. मणक्यांवरून त्याला काही कळेना.

"मांजऱ्याच होता ना, भाऊ?" सुचितानं विचारलं.

हाव म्हटलं असतं तर सगळं घर निवांत झालं असतं.

"मले माहीत नाही. फोनवर मी चुकीचं बोललो. फुरसंही असू शकते. गोकुळ, गाडी काढ. तिले चालू देऊ नको."

"मघा तर लय शायन्यासारखा बोलून राह्यला होता," झुंबरबाई म्हणाली. "पोरीले काही झालं तर कोणाच्या दारात नेऊन टाकू?"

"माह्या."

रक्त

तालुक्याच्या दवाखान्यात सिस्टरनं काचेच्या नळीत रक्त घेतलं. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. गोठलं तर ठीक. पातळ राहिलं तर फुरसं.

चार मिनिटं. गोविंदा उठला. सात. बसला. बाहेर जाऊन आला. सात.

"घड्याळ बंद आहे का?"

"तूच बंद हो थोडा," गोकुळ म्हणाला.

वीस. सिस्टरनं नळी आडवी केली. रक्त जागचं हललं नाही.

झुंबरबाईनं पदरात तोंड लपवलं. गोकुळ भिंतीला टेकून खाली सरकला.

"अर्ध्या तासानं परत काढू," सिस्टर म्हणाली. "कधी कधी उशिरा कळतं."

"बस आता, गोठलं न बे," गोकुळ म्हणाला.

गोविंदा बसला नाही.