शर्टाचं पांढरं बटण

मित्रांनो, मी एक जुना शिपाई आहे. वीतभर उंच, तोही छातीपर्यंतच. पाय नसल्याने रणातून कधी पळालो नाही, एवढं माझ्या शौर्याच्या खाती जमा धरा.

मला साच्यात राळ ओतून घडवलं आणि रंगवलं ते बटणकाकांनी. शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्या पलटणीच्या अंगरख्याला किती बटणं, हे त्यांना तोंडपाठ. बायकोचा वाढदिवस मात्र तिलाच विचारावा लागे.

मी त्यांच्या भाच्याचा पुतळा. तो लढाईवर गेला, परतला नाही. त्याच्या आईने, म्हणजे काकांच्या थोरल्या बहिणीने, फोटो दिला आणि एक खूण सांगितली.

"निघायच्या सकाळी त्याचं वरून दुसरं बटण तुटलं. घरात तसं नव्हतं, म्हणून मी शर्टाचं पांढरं शिवलं. तेवढं घाल हं."

काका हसले. "ताई, गणवेशाला पितळीच असतं. जाणकार मला वेड्यात काढतील."

"जाणकारांसाठी करतोयस की माझ्यासाठी?"

काकांनी गणवेशांचं पुस्तक समोर उघडलं, भिंग लावलं, तीन केसांच्या कुंचल्याने माझ्या डोळ्यांत उजेडाचा ठिपका ठेवला, आणि सगळी बटणं पितळी रंगवली. फुगीर, गोल, नियमाबरहुकूम.

ताईंनी मला खिडकीशी नेऊन पाहिलं. "देखणा आहे. कुणाच्या तरी घरी शोभेल," म्हणाल्या आणि मला टेबलावर ठेवून निघून गेल्या.

प्रदर्शनात मला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी माझी बटणं मोजली. एकही चूक नव्हती! मग पाच वर्षं मी काचेच्या कपाटात धूळ खात होतो. काका हट्टाला पेटलेले, ताई त्यांच्याहून सवाई.

शेवटी काकू म्हणाल्या, "ते बक्षीस तुम्हाला कधी ताईंसारखं 'जेवलास का रे' म्हणून विचारणार आहे का?"

काकांनी कुंचला काढला. हात आता थरथरत होता. एवढंसं बटण पांढरं करायला दोन सकाळी लागल्या. मला रुमालात गुंडाळून ते ताईंकडे गेले. दार उघडायला ताई भिंत चाचपत आल्या. त्यांची नजर गेली होती.

त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून बोटं फिरवली, मग छातीवरून. दुसऱ्या बटणाशी थांबल्या.

"फुगीरच आहे रे. माझं चपटं होतं."

"पांढरं केलंय, ताई. खरंच. थांब, खरवडून चपटं करतो."

"नको. तुझ्या आवाजातच थरथर ऐकू येतेय, हाताची काय कथा! नाक अगदी त्याचं उतरलंय. तेवढं राहू दे मला."

तेव्हापासून मी ताईंच्या उशाशी आहे. रोज त्यांचं बोट नाकावरून उतरतं, त्या बटणाशी येतं आणि क्षणभर अडखळतं. ते पांढरं आहे, हे मला सांगता येत नाही.

मित्रांनो, आम्हा पुतळ्यांना उन्हात ठेवू नका, मऊ कुंचल्याने धूळ झाडा. आणि कुणी आपल्या गेलेल्या माणसाची खूण सांगू लागलं, तर हातातलं पुस्तक मिटून ऐका. त्यांना दिसतंय, तोवरच.