सोसायटीचं इंटरनेट

"तुमच्या घरी इंटरनेट येतं कुठून, हाकालाबाई?"

हा प्रश्न माझा नव्हता. माझ्या वर्गातल्या नेआ आणि ईरिसने तो माझ्या गळ्यात मारला होता. भर वर्गात विचारून दाखवलास तर दालचिनीचा पाव आमच्याकडून, असं ठरलं होतं. आमच्या शाळेतली नववीची पोरं दर वसंतात, इथे फिनलंडमध्ये, आमच्या कुओपिओ शहराच्या वाचनालयात पेन्शनवाल्यांना कॉम्प्युटर शिकवायला जातात, आणि सगळ्यात मजेशीर उत्तर कोण मिळवतं याची आमच्यात चढाओढ असते. सातवीत मी हजेरीलासुद्धा नुसती मान हलवत असे. आता खोलीभर आजी-आजोबांना फळ्यापुढे उभी राहून दटावते, आणि खरं सांगायचं तर ते मला फारच आवडतं. म्हणून विचारलं.

ताइमी हाकाला आमच्याच इमारतीत, आमच्या बरोबर डोक्यावरच्या मजल्यावर राहतात. लिफ्टमध्ये भेटल्या की मी मान हलवायची, त्यांनी आमच्या कुत्र्याला, नोपोला, कानामागे खाजवायचं, आणि आम्ही आमच्या मजल्यावर उतरायचं. एवढीच ओळख. शेजाऱ्याशी याहून जास्त बोललं तर त्याला वाटतं, आपल्या घरातून यांच्या घरात पाणी गळतंय.

"कुठून म्हणजे?" त्या म्हणाल्या. "सोसायटी देते. नळाला पाणी देते, हीटरला ऊब देते, तसं."

नेआने हसू दाबायला खोकल्याचं सोंग घेतलं. काही सोसायट्या खरंच मेंटेनन्समध्ये इंटरनेट देतात, पण आमची देत नाही. त्यावरून बाबा दर मीटिंगमध्ये भांडतो, त्यामुळे मला पक्कं ठाऊक होतं.

मग मी टेचात समजवायला घेतलं. इंटरनेट म्हणजे सरोवर समजा. सरोवर सगळ्यांचं, पण काठावरच्या उन्हाळी कॉटेजचा पंप ज्याचा त्याचा. घरातला राउटर म्हणजे तो पंप. वाय-फाय म्हणजे पंपापासून बादलीपर्यंतची नळी, फक्त ती दिसत नाही आणि भिंतीतून, छतातूनही जाते. पासवर्ड म्हणजे त्या नळीला लावलेलं कुलूप. शेजाऱ्याच्या नळीला कुलूप नसेल, तर तुमच्याही बादलीत पाणी पडेल. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं, मासे येतात का त्यातून. मी म्हटलं, येतात की, त्यांना जाहिराती म्हणतात. सगळे हसले आणि मी हवेत.

हाकालाबाई हसल्या नाहीत. "मग आमचा पंप बिघडलाय," त्या म्हणाल्या. "ऑक्टोबरपासून थेंब नाही."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. तक्रार केली का, विचारलं. नव्हती केली. हीटर गार पडला की सोसायटीला आपोआप कळतं, तसं हेही कळेल, असं त्यांनी धरलं होतं. आणि एकट्या बाईसाठी माणसं कशाला बोलवायची.

मग हळूहळू बाकीचं कळलं. त्यांची एकच बहीण, लेंपी, तरुणपणी स्वीडनला बोरोसच्या कापडगिरणीत गेली ती तिकडचीच झाली. आता तिथल्या वृद्धाश्रमात असते. लेंपीला काही ऐकू येत नाही, ती ओठ पाहून ओळखते. फोनचा काही उपयोग नाही. म्हणून टॅब्लेट घेतला, तो घरी पोचवायला आलेल्या दुकानातल्या माणसाकडूनच सुरू करून घेतला होता, आणि दर रविवारी ही इथे खिडकीत, ती तिथे खिडकीत, दोघी कॉफी प्यायच्या. शेवटच्या रविवारी जरा वाजलं. आईने तांब्याची कॉफीची किटली नक्की कोणाला कबूल केली होती, यावरून. पुढच्या रविवारी टॅब्लेटवर नुसतं चाक फिरत राहिलं.

नाताळच्या कार्डावर त्यांनी लिहिलं होतं, इंटरनेट नादुरुस्त आहे. उलट कार्ड आलं, त्यावर नुसतं नाव.

"तिला ती थाप वाटली असणार," हाकालाबाई म्हणाल्या. "आमच्या घरात रुसलेली माणसं अशाच थापा मारतात. मग मीही म्हटलं, बस रुसून."

मी टॅब्लेट मागून घेतला. त्यात एकाच वाय-फायची नोंद होती. त्याचं नाव नोपो.

"कुत्र्याचं नाव आहे ते मला माहितीय," त्या म्हणाल्या. "वाटलं, सोसायटीतही कुणाचा तरी जीव आहे त्याच्यावर."

ऑक्टोबरात बाबाच्या कामाच्या ऑनलाइन मीटिंगा मध्येच गोठायला लागल्या होत्या. कोणीतरी आपलं नेट पितंय, असं म्हणून त्याने पासवर्ड घातला, आणि जेवताना जाहीर केलं की फुकट्यांची सोय बंद. आम्ही सगळे हसलो होतो.

ईरिस पाव आणायला चालली होती. मी नको म्हटलं आणि हाकालाबाईंबरोबर बसमध्ये चढले. रस्त्याकडेचा बर्फ वितळून काळा पडला होता. वाटेत मी त्यांना सांगून टाकलं की पंप आमचा होता आणि कुलूपही आमचंच. त्यांनी टॅब्लेट पिशवीत घातला. मग म्हणाल्या, "एक जिना उतरून बेल वाजवली असती, तर झालं असतं. पण लोकांना त्रास कशाला द्यायचा."

आम्हीही कधी एक जिना चढलो नव्हतो.

त्यांच्या स्वयंपाकघरात मी कोणालाही न विचारता आमचा पासवर्ड टाकला. क्षणात लागलं. इतकं सोपं होतं ते, याचाच मला राग आला. हाकालाबाईंनी आधी कॉफी केली, केस नीट केले, मग बटण दाबलं. पलीकडे नर्सने उचललं आणि खुर्चीतल्या लेंपीला समोर आणलं.

लेंपी पडद्याकडे बघत राहिली. मग फिनिशमध्ये म्हणाली, "आई, आलीस?"

नर्स बाजूने हळूच, मोडक्या फिनिशमध्ये म्हणाली की हिवाळ्यापासून असंच चाललंय, स्वीडिश तर पार विसरल्या.

"आई, ताइमी माझ्याशी बोलत नाही," लेंपी म्हणाली. "किटलीवरून रुसलीय. तिला सांग, किटली तिचीच."

हाकालाबाईंनी ओठ नीट दिसावेत म्हणून तोंड पुढे नेलं. "रुसली नाही गं ती," त्या सावकाश म्हणाल्या. "सांगते मी तिला."

मग दोघींनी कॉफी प्यायली. मी दाराशी उभी होते. इतकी बडबडी मी, पण कुठे उभं राहावं तेही मला कळत नव्हतं.

रात्री जेवताना मी सगळं सांगितलं. बाबाने काटा खाली ठेवला. त्यांनी मागितलं असतं तर दिलं असतं की मी, असं म्हणाला. आई म्हणाली, "आणि कोण फुकट पितंय ते आपण वर जाऊन विचारलं असतं तर?" बाबा म्हणाला, उद्या मी स्वतः वर जाईन, माफी मागीन. आईने ताटं उचलली आणि विषय बदलायला म्हणून मे महिन्यापासूनच्या कॉटेजच्या फेऱ्यांचं काढलं. दर शुक्रवारी कॉटेजवर निघताना बाबा वीज पडायच्या भीतीने घरातले झाडून सगळे प्लग काढतो, त्यात राउटरही आला. तो परत लागतो रविवारी रात्री, आम्ही परतल्यावर.

"या उन्हाळ्यात मी कॉटेजवर येणार नाही," मी म्हणाले. "राउटरला कोणी हात लावायचा नाही, वीज पडली तरी मी बघून घेईन. लेंपीला ताइमीचं नाव आठवतंय तोवर मी दर रविवारी वर जाऊन बसणार आहे. विचारत नाहीये, बाबा. सांगतेय."